नावेचं नाक

आमच्या घराण्यात पोहता कुणालाच येत नाही. आजोबा रेल्वेच्या नोकरीसाठी विदर्भातून रायपूरला आले, बाबांनी रेल्वेच्याच कारखान्यात फिटर म्हणून हयात घालवली, आणि पाण्याशी आम्हा सगळ्यांचा संबंध बादलीपुरता. तरी सरकारी नोकरीत फिरत फिरत मी ज्या टेबलावर येऊन टेकलो, त्या टेबलाच्या वाट्याला एक मोटरबोट होती. म्हणजे बोटीची फाइल होती. बोट होती अभनपूरच्या पलीकडच्या एका जलाशयात. पावसाळ्यात कुणी पाण्यात अडकलं तर काढायला ती ठेवलेली, आणि बाकीचे दिवस साहेबलोकांच्या पाहुण्यांना चक्कर मारून आणायला. या आठवणीत मी कुणाचंच नाव घेणार नाही. नाव आहे ती एकच, चाळीस हॉर्सपॉवरची.

ती चालवायचा एक नावाडी होता. पन्नाशी ओलांडलेला, काटक, बोलायला कमी. जलाशयाच्या काठावरच्या केवटपाऱ्यात, म्हणजे नावाड्यांच्या वस्तीत, त्याचं घर, आणि त्याचा बाप, आजा, पणजा सगळे पाण्यावरच जगलेले. मी त्याला भैया म्हणायचो, तो मला बाबू म्हणायचा.

बोटीला एक खोड होती. आदल्या वर्षी ती दुरुस्तीला जाऊन आली आणि तेव्हापासून उजवीकडे ओढू लागली. हात जरा सैल पडला की बैलाला हिरवं शेत दिसावं तशी वळायची. तिला सरळ ठेवायला नावाड्याला मोटरीचं हँडल पूर्ण वेळ नेट लावून धरावं लागे. एकदा तो ऑफिसात येऊन म्हणाला, “बाबू, मोर हाथ अब्बड़ पिरावत हे.” माझा हात फार दुखतो. मी तत्परतेनं फाइलीत नोंद केली, ‘चालक के हाथ में दर्द’. फाइल औषधोपचार बघणाऱ्या टेबलाकडे गेली आणि दोन महिन्यांनी तिथून मलमाची एक ट्यूब मंजूर होऊन आली. दुखणं बोटीचं होतं, मी ते माणसाच्या नावावर लिहिलं. पुढचं सगळं रामायण तिथून सुरू झालं असं मला आज वाटतं.

मे महिन्याच्या सुरुवातीला नवे साहेब जलाशय बघायला आले. मी घाटाच्या पायऱ्यांवर त्यांच्या मागे दोन पावलं उभा होतो, म्हणजे माझ्या पदाला शोभेल तितका मागे. साहेबांना फिरवायला बोट पलीकडच्या काठावरून येत होती. नावाड्यानं साहेबांना पाहिलं आणि लांबूनच एक हात वर केला. दुसरा हात हँडलवर होता, तो सुटण्यासारखा नव्हता.

साहेबांच्या कपाळाला आठी पडली. “ये मुझे ऑटो समझ के हाथ दिखा रहा है क्या?”

आता इथे गप्प राहायचं असतं. पण सरकारी नोकरीत तीस वर्षं काढलेल्या माणसाचा हात अशा वेळी आपोआप पुढे होतो. साहेबांच्या पाठीमागून मी नावाड्याला खूण केली. दोन्ही हात जोडून दाखवले. अरे दोन्ही! दोन्ही!

त्यानं पाहिलं. क्षणभर तो घुटमळला, हे मला घाटावरूनही दिसलं. मग त्यानं हँडल सोडलं आणि दोन्ही हात जोडले.

बोट कचकन उजवीकडे वळली, शिंगाड्याच्या वेलात शिरली आणि वळताना तिनं जी लाट उडवली ती पायऱ्या चढून थेट साहेबांच्या पांढऱ्या पँटवर आली. गुडघ्यापर्यंत. मी दोन पावलं मागे असल्यामुळे कोरडा राहिलो.

साहेब ओरडले नाहीत. रुमालानं गुडघा पुसत ते थंडपणे म्हणाले, “नाव दूसरे ज़िले भेज दो. और इसको ऑफिस के गेट पर बिठाओ.”

आमच्या ऑफिसच्या गेटवर प्लास्टिकची एक लाल खुर्ची आहे. तिच्यावर बसणाऱ्याचं काम म्हणजे गाडी आली की उठायचं, गेट उघडायचं, सलाम करायचा आणि परत बसायचं. नावाडी वेलातून बोट ओढत काठाला आला तेव्हा मी त्याला हे सांगितलं. तो कंबरभर पाण्यात उभा होता. म्हणाला, “बाबू, पानी के बाहिर बइठहूँ त मर जाहूँ.” पाण्याबाहेर बसलो तर मरून जाईन. हे त्यानं रडून वगैरे सांगितलं नाही, उद्या बाजार आहे म्हणून सांगावं तसं सांगितलं. खूण मी केली होती हा शब्दही त्यानं काढला नाही. त्यानं चार शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

मी गाडीपर्यंत साहेबांच्या मागे धावलो. “सर, बोट में टेक्निकल ख़राबी है. ठीक हो जाएगी. सीधी चलेगी.” साहेबांनी ओल्या पँटकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “पंद्रह दिन. सीधी चली तो ठीक, नहीं तो कुर्सी.”

पंधरा दिवस! आमच्याकडे टाचण्यांचा डबा घ्यायचा तर तीन दुकानांचे भाव मागवावे लागतात, त्यात महिना जातो. त्या रात्री जेवून मी मोबाइल घेऊन बसलो आणि बोट सरळ का चालत नाही याचा शोध सुरू केला.

इथे माझ्या बालपणाबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. बाबांनी मला आयुष्यात एकच उपदेश केला, तो रोज केला. “नाकासमोर चालावं.” शाळेला निघालो की नाकासमोर. नोकरीला लागलो, नाकासमोर. माझ्या लग्नात बोहल्यावर चढताना त्यांनी कानात सांगितलं तेही हेच. त्यामुळे सरळ चालणं आणि नाक यांचा संबंध माझ्या डोक्यात इतका पक्का बसलेला की जेव्हा मोबाइलवर एक इंग्रजी पान उघडलं आणि त्यात लिहिलेलं दिसलं की मोटरीच्या पाण्यातल्या भागाला पुढून टोकदार ‘नोज कोन’ बसवला तर बोटीचा वेग वाढतो आणि ती हाताला नीट राहते, तेव्हा मी मांडीवर थाप मारली. बोट नाकासमोर चालत नाही, कारण तिला नाकच नाही! पान अजून खूप खाली होतं. पण माझं काम झालं होतं. मी मोबाइल बंद करून झोपलो.

जगातल्या दुसऱ्या कुठल्याही भाषेत वाढलेल्या माणसानं ही चूक केली नसती असं मला वाटतं.

तयार नाक मागवायचं तर ते समुद्राकाठच्या कुठल्यातरी शहरातून यायला हवं होतं, आणि तोवर नावाडी खुर्चीवर बसून जुना झाला असता. म्हणून सकाळी मी बाबांकडे गेलो. ते बाल्कनीत बसले होते. आमच्या बाल्कनीतही प्लास्टिकची खुर्ची आहे, निळी. बाबा निवृत्त झाले तेव्हापासून ती त्यांची. पुरानी बस्तीतल्या आमच्या घरासमोरच्या गल्लीत कोण आलं, कोण गेलं हे बघत ते दिवस काढायचे. खाटेखाली त्यांच्या हत्यारांची लोखंडी पेटी होती. दर शनिवारी ती उघडून प्रत्येक हत्याराला तेलाचा हात लावायचा आणि पुन्हा बंद करायची. त्या हत्यारांनी वीस वर्षांत घरातला एक नळ तेवढा दुरुस्त केला होता.

मी म्हणालो, “बाबा, बोटीला नोज कोन बसवायचा आहे.”

“कोन?” बाबांनी कानामागे हात नेला.

“नोज कोन.”

“अरे तेच तं विचारून राहिलो. नोज कोन? कोन आहे हा नोज?”

आमच्याकडे ‘कोण’ला ‘कोन’च म्हणतात, त्यामुळे हा संवाद बराच वेळ चालला. शेवटी मी कागदावर चित्र काढलं. बाबांनी ते उलटसुलट करून पाहिलं.

“बोट सरळ जात नाही हा रोग,” ते म्हणाले. “नाक बसवा हे औषध तुले कोनं सांगितलं?”

“इंटरनेटवर आहे.”

“त्यानं बोट पाह्यली काय?”

मी वैतागलो. घरात बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला विचारायला गेलो हीच चूक, असंही मनात आलं. खोटं कशाला बोलू? मी जरा चढ्या आवाजातच त्यांना सगळी हकीकत सांगितली. लाट, पँट, माझी खूण आणि लाल खुर्ची.

खुर्चीचं ऐकल्यावर बसल्या जागी त्यांनी आपल्या निळ्या खुर्चीच्या हातावर बोटांनी ठेका धरला. मग म्हणाले, “त्या मानसाले म्हणा, मोटरीचा खालचा भाग खोलून घेऊन ये.”

दुसऱ्या दिवशी नावाडी ई-रिक्षातून मोटरीचा पाण्यात राहणारा खालचा पाय घेऊन आला. गमछ्यात गुंडाळून, मांडीवर आडवा घेऊन. पुढे काकडीसारखा लांबट गिअरचा डबा, मागे पंखा. बाबांनी ओसरीत जुनं पोतं अंथरलं, पेटी बाहेर ओढली आणि चष्मा पुसून बसले. आपल्या बापाला कामाला बसलेलं मी किती वर्षांनी पाहत होतो! कारखान्यात जाण्याच्या दिवसांतली पाठ पुन्हा दिसली, ताठ.

त्यांनी आधी नाकाकडे पाहिलंच नाही. पाय उलटा करून शेपटीच्या बाजूनं पाहायला लागले. पंख्याच्या वर, मागच्या बाजूला, तळहाताएवढी एक पत्ती असते, एका बोल्टावर बसवलेली, माशाच्या शेपटीसारखी. बाबांनी तिच्यावर टॉर्च मारला, बोल्टाभोवतीच्या रंगावरून नख फिरवलं आणि नावाड्याला विचारलं, “ये पत्ती किसने खोली थी?”

“पउर साल मिस्तरी खोले रिहिस, बबा. साफ करे बर.” गेल्या वर्षी मिस्त्रीनं साफ करायला काढली होती.

“हं,” बाबा म्हणाले.

मला त्यांची ही चालढकल सहन होईना. “बाबा, नाक पुढे असते,” मी म्हणालो.

“हो बाबा, असते तं,” बाबा म्हणाले आणि त्यांनी पुठ्ठ्यावर माप घ्यायला सुरुवात केली.

नाकासाठी आम्ही गोल बाजारात गेलो. कासार लाइनीत बाबा पुठ्ठ्याचा गोल घेऊन दुकानादुकानात शिरत होते. एका दुकानात देवळावर बसवायचा छोटा पितळी कळस होता, अगदी नाकासारखा. मी तो उचलला. बाबांनी माझ्या हातून काढून ठेवून दिला. “पितळ आन् ॲल्युमिनियम पान्यात एका घरात नांदत नाहीत. एक दुसऱ्याले खाते.” शेवटी त्यांना एक मोठं ॲल्युमिनियमचं नरसाळं पसंत पडलं. दुकानदारानं विचारलं, “दादाजी, तेल के लिए कि दूध के लिए?” बाबा म्हणाले, “नाव की नाक है.” दुकानदारानं माझ्याकडे पाहिलं आणि सहानुभूतीनं मान हलवली.

पुढचे चार दिवस ओसरीत कानशीचा आवाज चालला. नरसाळ्याची नळी कापली, आतमध्ये चिकट पुट्टी भरली, टोक घासून गोल केलं, डब्यावर बसवलं, सांध्यावर पुन्हा पुट्टी, पुन्हा घासणं. मोटर थंड ठेवायला पाणी ओढणारी बारीक जाळी झाकली जाऊ नये म्हणून बाबा तासतासभर तिच्याभोवतीच अडून बसायचे. नावाडी रोज यायचा आणि पाय धरून ठेवायचा. दोघांत बोलणं फारसं होत नसे. दुपारी जेवायला हाक मारली की बायकोच्या नाकी नऊ यायचे, कारण “हो आलोच” म्हणून दोघंही तासभर येत नसत.

चौथ्या दिवशी नाक वाळायला गच्चीवर गेलं. बायको वाळवण घालायला वर गेली आणि खाली येऊन म्हणाली, “एवढं मोठं नाक केलं आहे तर एखादी नथही घाला. नाकापेक्षा मोती जड नको म्हणजे झालं.” मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं. विज्ञानाची कामं करणाऱ्यांना हे सोसावं लागतं.

पाय परत जाण्यापूर्वी बाबांनी पेटीतून एक पाना काढला आणि मागच्या पत्तीचा बोल्ट जरा ढिला करून पुन्हा आवळला. मी विचारलं, “हे काय?”

“काही नाही,” बाबा म्हणाले. “सैल वाटला.”

पंधराव्या दिवशी साहेब आले, या खेपेला काळी पँट घालून आणि घाटाच्या सगळ्यात वरच्या पायरीवर उभे राहिले. नावाड्यानं नाकाला सिंदूर लावला होता. बोट निघाली. पलीकडच्या वडाच्या दिशेनं जी गेली ती सुतात गेली, वडापाशी वळली आणि तशीच परत आली. साहेबांनी हातातलं घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, “स्पीड भी बढ़ गई है.” आधी वेग किती होता हे कुणीच कधी मोजलं नव्हतं, त्यामुळे तो वाढला यावर सगळ्यांचं एकमत झालं.

“क्या किया?” साहेबांनी विचारलं.

“सर, नोज कोन,” मी म्हणालो आणि चित्रासकट समजावून सांगितलं. पाणी कसं कापलं जातं, बोट कशी हाताला राहते. साहेब खूश झाले. नावाडी बोटीवर राहिला, बोट जलाशयात राहिली. आणि आठ दिवसांनी आमच्या कार्यालयातून सगळीकडे पत्र गेलं. टाइप करणाऱ्या मुलीनं ऐकलं तसं छापलं होतं: ‘नोज़ कौन लगाने से नौका की गति एवं नियंत्रण में सुधार हुआ है. अन्य नौकाओं में भी नोज़ कौन लगाया जाए.’

पत्राची एक प्रत मी बाबांना दाखवायला घरी आणली. त्यांनी ती चष्मा लावून दोनदा वाचली. “यात प्रश्नचिन्ह राह्यलं,” ते म्हणाले. “कौन लगाने से सुधार हुआ, असं विचारून राहिले ना?” आणि स्वतःशीच हसले. मला वाटलं, वय झालं.

पुढचे दोन महिने मी नोज कोनचा जाणकार होतो. दुसऱ्या जिल्ह्यांतून फोन यायचे. मी खुर्चीत मागे रेलून सांगायचो, “पहले नाप लीजिए. नाप में ही सब कुछ है.” नाक वर करून चालणं म्हणजे काय ते मला त्या दिवसांत कळलं. बाबा परत बाल्कनीतल्या निळ्या खुर्चीवर गेले होते आणि शनिवारी पेटीला तेल देत होते. त्यांचं काम होतं हे मी फोनवर कुणालाही सांगितलं नाही. मुद्दाम लपवलं असंही नाही. विषय निघाला नाही, आणि मी काढला नाही.

मग माझ्या मुलीनं ते पान वाचलं. ती कॉलेजात आहे, मराठी समजते, पण उत्तर हिंदीत देते. “पापा, आपने पूरा पढ़ा था?” तिनं विचारलं आणि मोबाइल माझ्यापुढे धरला. पानाच्या खालच्या अर्ध्या भागात स्पष्ट लिहिलं होतं की नोज कोनचा उपयोग फक्त शर्यतीच्या, बेफाम वेगानं धावणाऱ्या बोटींना होतो. साध्या बोटीला त्यानं काही फरक पडत नाही, कधीकधी उलट ओझंच होतं. आमची बोट तर काठावरच्या सायकलवाल्यानं ठरवलं तर मागे टाकेल अशी. “तो फिर सीधी कैसे चली?” मुलीनं विचारलं. मी म्हणालो, “श्रद्धेने.” तिला ते पटलं नाही आणि मलाही पटलं नाही, पण मी कुणालाच काही विचारलं नाही. विचारलं तर उत्तर मिळण्याची भीती होती.

श्रावणात एका रविवारी सकाळी दाराशी मोटरसायकल थांबली. नावाडी होता. ओला, चिखलानं माखलेला, हातात गमछ्याचं गाठोडं. त्यानं ते ओसरीत ठेवून सोडलं. आत नाक होतं. सिंदूर धुऊन गेलेला, टोक चेपलेलं.

“पाण्यात बुडालेल्या झाडाला धडकलं, बाबू. तुटून पडलं. मी बुडी मारून काढलं.” हे तो छत्तीसगढीत एका दमात बोलला आणि खाली बसला. मग म्हणाला, “अब खुर्सी.”

त्याचा चेहरा पाहून मी काहीतरी बोलायला लागलो, चिकटवून घेऊ, साहेबांना कळणार नाही. बाल्कनीतून बाबा केव्हा खाली आले ते मला कळलंच नाही. त्यांनी नाक उचलून पाहिलं, बाजूला ठेवलं आणि नावाड्याला विचारलं, “नाक टूटने के बाद नाव किनारे कैसे लाए?”

“चला के, बबा.”

“खींच रही थी?”

नावाडी उत्तर द्यायला लागला आणि थांबला. त्यानं आपल्या हाताकडे पाहिलं, जो हात वर्षभर दुखला होता. “नइ,” तो हळूच म्हणाला. “सीधा आइस.”

“सीधाच येईल,” बाबा म्हणाले. आणि मग पेटीच्या झाकणावर बसून त्यांनी सांगितलं. पंख्याच्या फिरण्यानं मोटर एका बाजूला ओढते, ती ओढ मारायलाच मागची पत्ती असते. मिस्त्रीनं ती साफ करून परत बसवताना उलट्या बाजूला कलती बसवली. जुन्या जागेची खूण रंगावर दिसत होती. त्यांनी ती खुणेवर आणली, एवढंच. अर्धं मिनिट लागलं.

“मंग तेव्हा काहून नाही सांगितलं?” मी ओरडलोच. रागावलो की मीही घरच्याच बोलीत येतो. “चार दिवस नरसाळं काहून घासत बसलात?”

“तुले पाह्यजे होतं नाक. तुझ्या साहेबालेही काही तरी डोयाले दिसनारं पाह्यजे होतं. एक बोल्ट फिरवला म्हणून सांगितलं असतं तं त्यानं मानलं असतं काय?” बाबा म्हणाले. “आन् नाकानं काही बिघडत नव्हतं. या मानसाचं काम टिकलं पाह्यजे होतं ना?” मग आवाज जरा खाली आणून म्हणाले, “आन् मले बी चार दिवस काम भेटलं.”

मला लाज वाटली. साधी सरळ लाज, तिला दुसरा शब्द नाही. नाक बोटीचं तुटलं होतं आणि कापलं माझं गेलं होतं, आणि ते योग्यच होतं.

नावाडी इतका वेळ ऐकत होता. आता त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं. मला म्हणाला, “बाबू, नाक ले कुछु नइ होइस. पूँछी ले होइस!” नाकानं काहीच नाही झालं, शेपटीनं झालं. आणि तो इतका हसला की आतून बायको बघायला आली.

सोमवारी मी फाइलीत खरं लिहिलं. मागची पत्ती चुकीची बसली होती, ती एका निवृत्त फिटरनं नीट केली, तो फिटर माझे वडील, आणि नाकाचा काही उपयोग नाही. साहेबांनी वाचलं आणि चष्मा काढला. “लेकिन लेटर तो निकल चुका है,” ते म्हणाले. ते पत्र अजून रद्द झालेलं नाही. आजही तीन जलाशयांत तीन बोटी नरसाळ्याची नाकं लावून हिंडत आहेत. नावाड्याच्या नोंदीपुढे मात्र साहेबांनी लिहून दिलं, ‘यथावत्’. आहे तसंच राहू द्या.

पुढच्या रविवारी नावाडी बाबांना न्यायला आला. “बबा ला घुमाहूँ,” म्हणाला. बाबा नाही नाही म्हणाले, मला पोहता येत नाही म्हणाले, मग आत जाऊन इस्त्रीचा शर्ट घालून आले. जलाशयावर नावाड्यानं त्यांना नारिंगी जाकीट बांधलं आणि सगळ्यात पुढे बसवलं, तोंड मागे, मोटरीकडे करून. म्हणजे आता नाकाच्या जागी बाबा होते.

मी घाटावर थांबलो. त्याच पायरीवर, जिथे मे महिन्यात उभा होतो. बोट पार वडापर्यंत गेली, लहान झाली, वळली आणि परत येऊ लागली. शिंगाड्याचे वेल आता चांगले दाट पसरले होते. बोट बरीच जवळ आली तेव्हा मला दिसलं की नावाड्यानं हँडल सोडलं आहे. त्यानं भर पाण्यात, चालत्या बोटीत, बाबांना दोन्ही हात जोडले होते.

बोट सरळ येत राहिली.

बाबांना काही हात जोडता आले नाहीत. त्यांनी दोन्ही हातांनी बोटीची कड घट्ट धरून ठेवली होती. त्यांनी नुसती मान हलवली, एकदा, आणि मग थांबून पुन्हा एकदा. घाटावर मी उभा होतो. या वेळी मी कुणालाच कसलीही खूण केली नाही.